मी बोललेच नाही, तुलाच ऐकू आलं!

...आणि वर मलाच विचारतात, "सलमिनी, हे तू मुद्दाम केलंस ना?" मुद्दाम! अहो, मुद्दाम करायला मी कोण? तुम्हाला सांगतो, आमच्या टांगा बंदरात अर्धं आयुष्य मी पाट्या रंगवण्यात घालवलं. न्हाव्याच्या पाट्या, दवाखान्याच्या पाट्या, 'येथे कचरा टाकू नये' ही सुद्धा माझीच, तिच्याखाली केवढा ढीग असतो बघा! आणि जोडीला कांग्यांचे, म्हणजे आमच्या बायका अंगाला गुंडाळतात त्या छापील कापडांचे, काठ काढतो. काजूचं बी, त्याला वेलांटी, परत काजूचं बी, चारी बाजूंनी. आजवर एक बाई रागावली नाही. आणि आता? गल्लीतून निघालो की निम्म्या बायका तोंड फिरवतात, उरलेल्या निम्म्या वाटीत हलवा घालून आणून देतात, आणि पंचाईत काय, की कोण कुठल्या निम्म्यात ते रोज बदलतं! कालची हलव्याची आज तोंड फिरवते! अहो, त्या कांग्यावरची ओळ माझी नाही, मधलं चित्र माझं नाही... माझा नुसता काठ! मी आपला काठाचा माणूस!

सगळी सुरुवात झुवेनाची. झुवेना म्हणजे आमच्या सायकलवाल्याची पुतणी. दार-एस-सलामला शिकली, तिथे पंख्याखाली बसून नोकरी करावी की नाही? नाही! परत आली आणि काकाच्या दुकानावर दोन खोल्यांत गाण्यांची कंपनी काढली. मोठ्या कंपन्या आमच्याकडची जुनी गाणी घेत नाहीत, तर ही घेणार! कंपनीचं नाव काय? 'मीठ'! गाण्याच्या कंपनीचं नाव कुणी मीठ ठेवतं? खाली काका टायरात हवा भरतोय, फुस्स... फुस्स... आणि वर रेकॉर्डिंग चाललंय. पहिल्या गाण्यात तो फुस्स सरळ ऐकू येतो, आणि लोक तिला विचारतात, हे कुठलं नवीन वाद्य गं?

तर ही आली माझ्याकडे. "मामा, आपल्याला मर्च करायचंय."

मला मिरची ऐकू आलं. मीठ झालं, आता मिरची! म्हटलं, पोरगी मसाल्याचं दुकान टाकतेय, बरं झालं, सुधारली.

"मिरची नाही हो मामा! मर्च! म्हणजे गाणं काढलं की त्याच्याबरोबर शर्ट, पिशव्या, कप... गाणं आता कुणी विकत घेतं का? फोनवर फुकट मिळतं. कंपनी चालते ती कपावर."

घ्या! म्हणजे गाणं फुकट आणि कप विकत! पूर्वी कपभर कॉफी घेतली की हॉटेलात गाणं फुकट असायचं, तेव्हा काय वेगळं होतं?

आणि गाणं कुणाचं? बी साउमूचं! मानाच्या बाईला आमच्याकडे बी म्हणतात. आता बी साउमू म्हणजे... तुम्हाला कसं सांगू... आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात ती गायलीय. माझ्या लग्नात गायली, माझ्या पोराच्या लग्नात गायली. गाणी कसली, टोमणेच ते, नुसते सुरात! तोंडातून मध आणि मधात सुई. सगळ्यांना गाणी पाठ, पण रेकॉर्ड एकही नाही. झुवेना म्हणते, "मामा, ही गेली की गाणी गेली." तेव्हा मात्र मी ब्रश खाली ठेवला. कारण ते खरं होतं.

आधी शर्ट ठरला. शर्टावर बी साउमूचा चेहरा. तो काढायला दुसरा चित्रकार, फराजी. हा पोरगा कला शिकून आलेला, परदेशात वगैरे चित्रं लावलेली, बोलतो इतकं हळू की ऐकायला आपणच वाकायचं. त्यानं चेहरा काढला, झुवेनानं म्हातारीला दाखवला. म्हातारी तांदूळ निवडत होती. वर बघितलं, खाली बघितलं.

"हे कुठे छापणार?"

"शर्टावर, बी. पुढच्या बाजूला."

"म्हणजे लोकांच्या पोटावर? त्यांनी पिलाव खाल्ला की माझे गाल फुगणार? नको गं बाई! मला कापडावर घालायचंच असेल तर कांग्यावर घाल."

झालं! शर्ट रद्द, कांगा पक्का. आणि कांगा म्हटलं की काठ, आणि काठ म्हटलं की मी. अशी वरात माझ्या दारात आली.

आता कांग्याचं कसं असतं, चारी बाजूंनी काठ, मधे चित्र, आणि खालच्या बाजूला एक ओळ. बाईनं गुंडाळला की ओळ बरोबर पाठीमागे येते. म्हणजे ती निघून जाते आणि वाचणारी जळत उभी राहते! माझा काठ तयार. मधलं काम फराजीचं. आठवड्यानं कागद घेऊन आला. मी उघडला... कोरा!

"अरे, काढायचा राहिला?"

"नाही मामा. ही शांतता आहे. गाणं संपल्यावर उरते ती."

"शांतता? अरे, कांगा घेणाऱ्या बाईच्या घरात आधीच सहा पोरं आहेत, तिला शांतता कापडावर बघायला लावतोस?"

तो भडकला. भडकला म्हणजे काय, आणखी हळू बोलायला लागला. म्हणाला, "तुमच्या काजूच्या बिया शंभर वर्षं त्याच आहेत." मी म्हटलं, "आणि शंभर वर्षं खपतायत." तो म्हणे हस्तकला, मी म्हणे आळस, झुवेना मधे उभी, "मामा, प्लीज... फराजी, प्लीज..." आणि खालून काकाचं फुस्स, फुस्स! शेवटी ती दोघांना दंडाला धरून म्हातारीच्या अंगणात घेऊन गेली. म्हणाली, "बी, तुम्हीच सांगा."

म्हातारीनं सूप पुढे ओढलं. सुपात तांदूळ होते, ती निवडत गायला लागली. काही मोठं नाही हो, आपलं सहज. पण गाताना तिचा डावा हात उठला... असा... तळवा वर करून, जणू कुणाला विचारतेय, 'मग? माझं काय चुकलं?' आणि तसाच राहिला हवेत. मी ते लग्नांत कित्येकदा बघितलंय. बघितलंय कसलं, माझ्या डोळ्यांसमोरून गेलंय. फराजीनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी कागद आला. मोकळ्या जागेत मधोमध एक हात. बस. तळव्यावरच्या रेषा, बोटातली झिजलेली अंगठी, मनगटाशी सैल कातडी. तुम्हाला सांगतो, हात बोलत होता! मी म्हटलं, "ठीक आहे." आता तोंडावर आणखी काय म्हणणार? डोक्यावर बसला असता. पण घरी येऊन माझा काठ परत काढला. जरा बारीक केला, बाजूला सरकवला. हाताला जागा पाहिजे ना. कुणाला सांगितलं नाही. मी आपला काठाचा माणूस.

राहिली ओळ. झुवेनाला गोड ओळ पाहिजे होती, 'तुझ्यावाचून समुद्रही आटला' असलं काहीतरी. म्हातारी म्हणाली, "ते नको. 'मी बोललेच नाही, तुलाच ऐकू आलं' ते घाल."

"बी, हे म्हणजे भांडण छापणं झालं!"

"मग कांगा कशाला असतो गं? अंग झाकायला चादर पुष्कळ आहे."

"बरं, निदान खाली तुमचं नाव घालू."

"नाव मुळीच नको. नाव घातलंस की टोमणा माझा होईल. बिननावाचा राहू दे, जिला लागेल तिचा."

घ्या! पोरीनं तीच ओळ लिहून घेतली.

कांगे गिरणीतून छापून आले. कांगे जोडीनंच विकतात, तर रिवाजाप्रमाणे पहिली जोडी मी बायकोला नेली. आमची नूरू. वाटलं, खूश होईल, नवऱ्याचा काठ आहे! तिनं उलगडला. काठ बघितला नाही, हात बघितला नाही, ओळ वाचली. परत वाचली.

"रजबचे बाबा, हे कुणाला?"

"तुलाच की!"

"मलाच? मलाच काय ऐकू आलं? तुम्ही काय बोलला नाहीत?"

"मी कुठे काय बोललो?"

"तेच तर लिहिलंय!"

अहो, रात्रीचं जेवण थंडगार वाढलं! मासा माझ्याकडे बघतोय, मी माशाकडे बघतोय! सकाळी मात्र बघतो तर काय, नूरू तोच कांगा गुंडाळून, गुणगुणत, अंगण झाडतेय. एकच कोपरा झाडतेय. कुठला? आशुराच्या भिंतीकडचा, आणि पाठ बरोबर भिंतीकडे! आशुरा म्हणजे शेजारीण. तिनं आमची खवणी नेली होती आणि पातं मोडून परत दिली. ती म्हणते मोडलेलीच होती, ही म्हणते धड होती, तेव्हापासून दोघींचा अबोला. दुपारी आशुराच्या दोरीवर काय वाळत पडलं? तोच कांगा! ओळ आमच्याकडे! संध्याकाळी आमच्या दोरीवर जोडीतला दुसरा! आणि मजा बघा, पहिली जी विचारेल, 'हे मला का गं?' ती हरली! कारण उत्तर तिथंच छापलंय. त्यामुळे विचारत कुणीच नाही. आशुरा मला गाठते, "सलमिनी, तुझ्या बायकोला सांग, मला काही लागलेलं नाही." आत नूरू भांडी आपटते, "तिला सांगा, मी बोललेच नाही!" मी मधे. मला काय विचारता? मी आपला काठाचा माणूस!

आणि हे एका घरात नाही हो! सासूनं सुनेसाठी घेतला, सुनेनं सासूसाठी. मासळीवाल्यांनी एकमेकींसाठी घेतला. गाणं किती जणांनी विकत घेतलं ते झुवेना सांगत नाही, पण कांगा दुसऱ्यांदा छापायला गेला. एकदा बी साउमूच्या दारावरून जात होतो, तर म्हातारी उंबऱ्यावर बसून रस्ता बघतेय. म्हणाली, "बस रे. ती बघ, पाठमोरी. माझं गाणं मासळी आणायला चाललंय." आणि हसली. तोंडभर. एक दात नाही त्या हसण्यात, पण काय सांगू तुम्हाला... मी तिथं बराच वेळ बसलो. काम होतं, तरी बसलो.

आणि मग आलं लग्न. आशुराच्या मुलीचं. नवरदेव पंगानीचा, माणसं मोठी, बायका नटव्या. आता लग्नात घरच्या बायकांनी ठरवून एकसारखं कापड घालायचं असतं, त्यात कुटुंबाची इज्जत. पण आशुरा ठरवणार कुणाशी? निम्मी गल्ली निम्म्या गल्लीशी बोलत नाही! ती म्हणाली, "जिला जे घालायचं ते घाला." आणि मंडपात जाऊन रडली. मला माहीत आहे, कारण मागचा पडदा मीच रंगवला होता, आणि तो बांधायला शिडीवर चढलो होतो. तेवढ्यात बायका यायला लागल्या. बायकांचा समारंभ! पुरुषानं थांबायचं नाही. पण खाली उतरायला जागा नाही आणि वर कुणी बघत नाही. राहिलो लटकून!

पहिली आली... कांगा! हाच! दुसरी आली, हाच! प्रत्येकीनं मनात धरलेली की आज चारचौघांत अमकीला झोंबवायचं! सासू हाच, सून हाच, मासळीवाल्या हाच, आशुरा स्वतः हाच, आणि शेवटी आमची नूरू, कमरेला गुंडाळलेला आणि डोक्यावरही, दोन्ही हाच! सगळ्या दारातच थबकल्या. एकमेकींकडे बघतायत. मंडपभर हातच हात, आणि वरून बघितलं तर... खरं सांगू?... काठ फार सुरेख दिसत होता.

तेवढ्यात पंगानीचं वऱ्हाड आत आलं. नवरदेवाची आत्या, ही सोन्यानं मढलेली, उभी राहिली, डोळे मोठे करून म्हणाली, "अगंबाई! सगळी गल्ली एका कापडात! काय ही एकी! आमच्याकडे सख्ख्या जावांचं जमत नाही!" आता काय बोलणार? की बाई, ही एकी नाही, हे भांडण आहे? सगळ्यांनी माना डोलावल्या!

बी साउमू गायला बसली. आणि तीच ओळ आली. आमच्याकडे रीत अशी, की ओळ जिला लावून म्हणायची, तिच्याकडे बघत नाचत पुढे जायचं आणि गाणारीच्या हातात नोट ठेवायची. ओळ आली तशी या टोकाकडून नूरू उठली, त्या टोकाकडून आशुरा. डोलत, मान वेळावत, मधोमध समोरासमोर! म्हातारी गायची थांबली. हात तसाच हवेत. मी शिडी घट्ट धरली. म्हटलं, आता लग्न मोडतंय आणि कांग्यावर काठ माझा!

आत्या पुढे वाकली. "बहिणी बहिणी का गं तुम्ही?"

आशुरानं एकदा मुलीकडे बघितलं. मग नूरूकडे. म्हणाली, "हो. ही माझी थोरली."

"थोरली?" नूरू किंचाळली. "मी? थोरली तू! तुझ्या लग्नात मी फ्रॉकात होते!"

आणि आशुराला हसू फुटलं. नूरूनं तोंडावर पदर घेतला, पण खांदे हलत होते, मग तिलाही आवरेना, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसतायत, रडतायत, मंडप हसतोय, आणि म्हातारीनं असा सूर लावला, असा लावला... की मी टाळी वाजवायला शिडी सोडली. पडलो तांदळाच्या पोत्यांवर, म्हणून वाचलो. बायकांनी हाकललं, पण पिलावाचं ताट हातात देऊन.

तर आता आमच्या भिंतीशी सगळं छान आहे, बाकी गल्लीचं रोज बदलतं ते सांगितलंच. पण बाकावर कॉफी पीत बसणारे आम्ही पुरुष, आम्हाला वाटलं, हे काय, बोलायचं बायकांनीच? झुवेना म्हणाली, "काढूया की मामा! तुम्ही पुरुष कमरेला ती रेघारेघांची किकोई गुंडाळता ना, तिच्यावर पण ओळ छापू. तुम्ही सांगा, मी काढते." आम्ही बसलो. अख्खी दुपार. एकानं ओळ सांगितली, झकास होती. दुसरा म्हणाला, "पण ही माझी बायको वाचेल." दुसरी ओळ निघाली, "ही माझी सासू वाचेल." तिसरी तर मीच सांगितली, आणि सांगताना दोनदा मागे वळून बघितलं. कॉफी संपली, परत आली, परत संपली. शेवटी ठरलं. मतभेद नाही, वाद नाही. इतक्या वर्षांत त्या बाकावर पहिल्यांदा सगळ्या पुरुषांचं एकमत झालं... ओळ नको, नुसत्या रेघा बऱ्या.