अकरा नंबरची गव्हाण

मॅडम : नाही काका, उद्या सकाळी अकरा नंबरच्या घशातून नळी घालायची म्हणजे घालायचीच. पोटातला रस तपासल्याशिवाय हे कोडं सुटणार नाही.

काका : एवढ्या गरीब गाईला कशाला छळता? बाकीच्या अकरा आहेत की!

मॅडम : बाकीच्या शहाण्यासारख्या वागताहेत! सम नंबरच्या सहाजणींना माझं नवीन खाद्य, त्यांचं दूध वाढलं. विषम नंबरच्या सहाजणींना जुनंच, त्यांचं आहे तिथंच. फक्त ही एक बया जुन्या खाद्यावर दोन लिटर वर गेलीय. सर म्हणतात, जुन्यावरही दूध वाढतं, तर तुमच्या खाद्याची करामत कशावरून? सोमवारी बैठक आहे. तीन वर्षांचं काम गुंडाळायला सांगतील.

काका : नळीनं दुखतं का हो?

मॅडम : थोडं. ओरडेल.

काका : मग नका घालू. ठमीच्या पोटात काय आहे ते मी सांगतो.

मॅडम : नंबर म्हणा, काका. किती वेळा सांगितलं, गाईंना नावं द्यायची नाहीत. माया लागते आणि मग... थांबा. तुम्ही सांगता म्हणजे?

काका : आधी बसा.

मॅडम : बसत नाही. बोला.

काका : सकाळी उरलेलं खाद्य उचलायचं, वजन करायचं, वहीत लिहायचं आणि खड्ड्यात टाकायचं. बरोबर?

मॅडम : बरोबर.

काका : वजन केलं. लिहिलं. खड्ड्यात नाही टाकलं.

मॅडम : काका!

काका : दहा आणि बारा, दोघी तिच्या शेजारणी. दोघी नखरेल, निम्मंअर्धं तसंच ठेवायच्या. ही मधे उभी राहून मान वळवून बघायची. सुरुवातीला वाळून काटकी झाली होती, आठवतं? तिच्या नाकासमोरून भरलेली पाटी न्यायची, माझा हात उठेना. तिच्याच गव्हाणीत ओतली.

मॅडम : एकदा?

काका : रोज. चार महिने.

मॅडम : अहो, दारावर काय लिहिलंय? एकीचं खाद्य दुसरीला दिलं तर कामावरून कमी!

काका : वाचलंय. दार मीच रंगवलंय.

मॅडम : तुम्ही माझ्या प्रयोगाचं वाटोळं... एक मिनिट. वजन केलं होतंत?

काका : ग्रॅमवर. ते कधी चुकवलं नाही.

मॅडम : आणि तिनं काही उरवलं?

काका : ती? गव्हाण चाटूनपुसून लख्ख!

मॅडम : म्हणजे दहा आणि बाराच्या पुढं जे 'उरलेलं' लिहिलंय, तेच नवीन खाद्य अकरानं 'खाल्लेलं'! काका, सगळे आकडे माझ्याकडे आहेत! रोजचे! थांबा, तिचा आलेख कुठंय... हा बघा. इथं मधेच दहा दिवस दूध एकदम खाली येतं आणि परत चढतं. मी डोकं आपटून घेतलं होतं यावर. या तारखांना काय झालं होतं?

काका : बघू. अहो, हे तर माझं डोळ्याचं ऑपरेशन! दहा दिवस माझ्या जागी दुसरा माणूस होता.

मॅडम : आणि तो उरलेलं टाकायचा...

काका : खड्ड्यात. नियमानं.

मॅडम : दिलं, वाढलं! बंद केलं, उतरलं! परत दिलं, परत वाढलं! आणि गाय तीच! काका, असा प्रयोग मला सुचलासुद्धा नसता. नाचू का मी इथं?

काका : नाचा, पण ती खाद्याची बादली लवंडू नका.

(मॅडम बादली बाजूला सरकवते आणि वही उघडते. पेन उघडून तशीच थांबते.)

काका : का थांबलात?

मॅडम : हे मांडायचं तर तुम्ही काय केलंत ते लिहावं लागेल. सर ते वाचणार. नियम त्यांचाच आहे. त्यापेक्षा अकरा आजारी होती म्हणून वगळली, एवढंच लिहिलं तर? बाकीच्या गाईंवर निकाल जेमतेम उभा राहील.

काका : आजारी होती?

मॅडम : नव्हती.

काका : मग? पहिल्या दिवशी मी दोनशे ग्रॅम अंदाजानं लिहिलं, तर तुम्ही मला तासभर उभं केलंत. जे झालं तेच लिहायचं, म्हणालात. तेव्हा फार राग आला होता तुमचा.

मॅडम : आणि आता?

काका : आता धाकधूक होतेय. पण लिहा. नाहीतर मीच लिहितो, द्या इकडं. "रोज सकाळी दहा आणि बारा यांचं उरलेलं खाद्य मी अकरा नंबरच्या..."

मॅडम : ठमीच्या.

काका : काय म्हणालात?

मॅडम : काही नाही. लिहा तुम्ही. आणि खाली माझ्या सहीला जागा ठेवा.

काका : तुमची कशाला? चूक माझी.

मॅडम : चार महिने रोज तिच्यासमोरून गेले, काका. आकडे बघत. एकदाही तिच्या गव्हाणीत डोकावले नाही.

काका : बरं. मग वही जरा घट्ट धरा. अक्षर नीट आलं पाहिजे.