समूहात कोसळणारी दीर्घिका

आदरणीय अध्यक्ष प्राचार्या सुमनताई, व्यासपीठावरचे मान्यवर, निघोज्याहून आलेले मालोजीराव, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

आपली संस्कृती संशोधनासाठी जर्मनीला निघाली आहे. निरोपाच्या भाषणात गोड बोलावं, असा रिवाज आहे. पण तिचा विषयच गोड नाही, त्याला मी, तिची मार्गदर्शक, काय करू?

आपल्या आकाशगंगेसारखी, वायूने भरलेली ताऱ्यांची तबकडी, म्हणजे दीर्घिका, शेकडो दीर्घिकांच्या समूहात कोसळते. सेकंदाला हजार किलोमीटर, कधी त्याहून जास्त. समूहातला तप्त वायू तसा विरळच. पण या वेगापुढे तोच वादळ होतो. दीर्घिकेचा वायू कडेपासून ओरबाडला जातो, मागे लाखभर प्रकाशवर्षं चिंध्या लोंबतात. पुढची बाजू दाबली जाते, तिथे नव्या ताऱ्यांचा भडका उडतो. मग इंधनच उरत नाही. जुने तारे तेवढे जागेवर.

एके दिवशी हेच दृश्य संगणकाच्या पडद्यावर चालू असताना संस्कृतीचे वडील प्रयोगशाळेत शिरले. मालोजीराव, आज तुम्ही फेटा बांधून बसला आहात; त्या दिवशी स्टूल लाथेने उडवलं होतं. सांगू ना? त्यांनी मान हलवली, म्हणून सांगते.

"स्थळ आलंय. जर्मनी-बिर्मनी काय न्हाई. चल घरी." त्यांनी लेकीचं मनगट धरलं. मी मध्ये पडले.

"बाई, तुमी लांब व्हा. पोरगी आमची हाय."

झटापटीत तिचं कोपर टेबलाच्या कडेवर आपटलं, रक्त आलं. ती म्हणाली, "आप्पा, एवढं संपू द्या. मग येते."

ते पडद्याकडे बघायला लागले. मनगट हातातच. "काय फाटतंय ते?"

"दीर्घिकेतला वायू," संस्कृती म्हणाली. "ताडपत्री न बांधता भुशाचा टेम्पो हायवेला दामटला तर?"

"निम्मा भुसा मागच्याच्या डोळ्यात. वर त्याच्या शिव्या."

"तसंच. भुशात दगड असतील तर ते राहतात. ते तारे."

"आन गेलेलं माघारी येतं?"

ते कशाबद्दल विचारत होते, हे आम्हा दोघींनाही कळलं. 'येतं' म्हण गं, असं मला मनापासून वाटलं. एवढंसं खोटं बोललं तर काय बिघडणार होतं?

"थोडं येतं, आप्पा. बरंचसं न्हाई येत."

मनगट सुटलं.

"खोटं बोलली असतीस तर आत्ता वढत नेली असती," ते म्हणाले. "जा. पर तिथनं बी असंच बोलायचं. बरं नसलं तर बरं हाय म्हणायचं न्हाई. यायचं नसलं तर येते म्हणायचं न्हाई."

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. कुणाचं मन दुखावेल असं काही तोंडून गेलं असेल तर पोटात घाला. आणि संस्कृती, दीर्घिकेविषयी माझं काही चुकलं असेल तर आत्ताच, सगळ्यांसमोर सांग.