तीन धूसर फोटो

झोंबणारच ना अक्का ते थेंब — चोळू नका, चोळू नका, डोळे मिटून बसा. वीस मिनिटं. बाहुली मोठी झाली की फोटो. दुखतं का? छे, नुसता उजेड पडतो. मग डोळ्याच्या आतल्या बारीक बारीक रक्ताच्या शिरा हा कॉम्प्युटर रेघा मारून दाखवतो — आणि त्याला शिकवलं कोणी? आम्हीच! जळगावला वर्षभर हेच केलं मी. कोणाच्या तरी डोळ्याचा फोटो पुढ्यात घ्यायचा, एकेक शीर माऊसनं गिरवायची. धूसर फोटो आला, शिरा दिसेनात, की पुसून टाकायचा. तसं सांगितलंच होतं, शिकवायला स्वच्छ फोटो लागतात म्हणून.

साखर कधीपासून तुम्हाला? बारा वर्षं? आमच्या नानांना चौदा — नाना म्हणजे वडील माझे, इथलेच, असोद्याचे. शिबिरांसाठी हे मशीन नवं आलं तेव्हा म्हटलं, हात बसवायला नानांचाच फोटो घेऊ. घेतला. धूसर. दुसरा, तिसरा — सगळे धूसर, कॉम्प्युटरला एक रेघ मारता येईना. मी चिडले हो. 'नाना, किती हलता! घडीभर धड बसवत नाही?' ते बिचारे हनुवटी टेकवून, श्वास रोखून बसलेले. म्हणाले, 'हाललो असीन माय.' आणि मी तिन्ही फोटो पुसले. सवयच ती.

हलले नव्हते अक्का. आत रक्त उतरलं होतं. शिरा दिसणार कुठून? चार महिन्यांनी ताटातली भाकरी चाचपायला लागले, तेव्हा नेलं दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात, आधी तपासलं नाही का? तर नाना म्हणतात, 'आमच्या दिपमालानं फोटो काढला होता, मीच हाललो.' अजून सांगतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला, कौतुकानं! मी खरं सांगितलं नाही त्यांना. कोणालाच नाही — तुम्हालाच का सांगत बसले, कोण जाणे.

चला, झाली वेळ. हनुवटी इथं. कपाळ टेकवा. हिरव्या ठिपक्याकडे बघा — हं.

थांबा. पुन्हा एकदा.

नाही अक्का, तुम्ही नाही हललात. नका म्हणू तसं. अजिबात नाही हललात. — पुनम, हे फोटो पुसू नकोस गं, आणि अक्कांना आधी डॉक्टरांकडे ने, रांग राहू दे. — उठा अक्का, हात धरा तिचा. माझ्याकडे काय बघता? जा.