बैठकीतला ओटा

सिंधुबाई : अरे महांतेश, बैठकीच्या मधोमध हे काय बांधून ठेवलास बाबा?

महांतेश : ओटा हाय की, अव्वा.

सिंधुबाई : ओटा दिसायलाय मला, आंधळी न्हाई झाले अजून. कंधारला बहिणीकडं चार दिस काय गेले, नव्या घरात ओटा उगवला! घराच्या आत कुणी ओटा बांधतंय व्हय?

महांतेश : मला बी नवलच वाटलं. पण नकाशात हाय. हे बगा, मोबाईलात बगा. ही बैठक. मधी हा लांबट चौकोन, डबल रेघेचा. आन् इकडं स्वयंपाकघरात गॅसचा ओटा, त्याला बी तसलीच डबल रेघ. म्हणलं, हा बी ओटाच.

सिंधुबाई : आन् भोवतालची ही सहा डबडी कसली?

महांतेश : ते बसायचे दगड आसतील म्हणलं. ते उद्या करणार होतो.

सिंधुबाई : अगं बाई गं! टेबल हाय रे ते. जेवायचं टेबल! माझ्या सत्यमच्या पुण्याच्या घरी हाय तसलं. आन् ह्या सहा खुर्च्या.

महांतेश : आँ? लाकडाचं टेबल? मग ते नकाशात कशाला काढायचं? उद्या दारातल्या चपला बी काढतील.

सिंधुबाई : हसू का रडू रे आता? विचारायचं तरी.

महांतेश : विचारलो की! सत्यमभाऊला फोन लावलो. ते म्हणले, मिस्त्री, मी मीटिंगमधी हाय, सारखं सारखं विचारू नका. नेटवरनं तयार नकाशा घेतलाय, पास झालेला हाय, एक इंच हलवायचा न्हाई. जसं दिसतंय तसं करा. मग मी काय करू? म्हणलं, शिकल्यासवरल्या माणसाचा नकाशा, आपण कामून डोकं लावायचं.

सिंधुबाई : तुझं बी खरं हाय. मला तरी कुठं कळतो त्यो नकाशा. फोनवर आला, मी बघितला, छान हाय म्हणलं. दुसरं काय म्हणणार?

महांतेश : तुमी मनाला लावून घिऊ नका, अव्वा. माझी चूक, मी निस्तरतो. आत्ता सब्बल घेतो, सांजच्याला साफ. विटा बी निम्म्या साबूत निघतील.

सिंधुबाई : फोड. फोडच बाबा. बैठकीत असलं काही बरं दिसतंय का?

महांतेश : तेच म्हणतो. पर एक सांगू? बायकांना लई आवडला बगा.

सिंधुबाई : कुठल्या बायकांना?

महांतेश : गावातल्या. सिंधुबाईच्या घरात ओटा बांधलाय म्हणून गावभर झालं. परवा धुरपताबाई आल्या बगायला, संगं तिघी जणी. बगितल्या, पोट धरधरून हसल्या. आन् मग बसल्या की तिथंच.

सिंधुबाई : धुरपता? माझ्या घरात?

महांतेश : हाव. सांजपर्यंत बसल्या. धुरपताबाईनं पदरातनं लसूण काढला, तिथंच सोलला. मी प्लास्टर करायलो आन् त्या बोलायल्या.

सिंधुबाई : काय बोलत होत्या?

महांतेश : आता बायकांचं बोलणं, अव्वा. कुणाची सून, कुणाचं सोयाबीन.

सिंधुबाई : तरी पण. सांग की.

महांतेश : धोंडप्पाची म्हैस आटली म्हणून. उज्वला हाय न्हाई का, अंगणवाडीवाली, तिची बदली झाली म्हणून. आन् एकीनं जावंची नक्कल केली, तवा तर माझ्या हातातली थापी पडली.

सिंधुबाई : माझं नाव निघालं का?

महांतेश : निघालं की. धुरपताबाई म्हणल्या, सिंधी आसती तर मजा आली असती. कवा येनार हाय म्हणून विचारल्या.

सिंधुबाई : सिंधी म्हणली?

महांतेश : हाव, सिंधीच.

सिंधुबाई : आता मला सिंधी म्हणणारं कुणी उरलं न्हाई रे. तुला म्हणून सांगते. भूकंपाच्या आधी जुन्या गावात तिची आन् माझी भिंतीला भिंत होती. तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरनं कळायचं. भूकंपात सगळं गेलं. मग सरकारनं नवी घरं दिली. एका साच्यातली, एका रांगेत. पहिले सहा महिने मी दुसऱ्याच्या दारात जाऊन कडी वाजवायची, इतकी सारखी. घर धड होतं, न्हाई म्हणत न्हाई. पण धुरपता गेली त्या टोकाला, मी पडले ह्या टोकाला. मधी एवढा रुंद रस्ता की पलीकडच्याला हाक द्यायची तर लाज वाटावी.

महांतेश : आमच्या निलंग्याकडं बी तसंच झालंय, अव्वा. गावं बसली, पण माणसं न्हाई बसली.

सिंधुबाई : तवा नकाशा सरकारचा होता, आता मोबाईलातला हाय. दोन्ही डाव मला कुणी विचारलं न्हाई, आन् मी बी काही बोलले न्हाई. हे बघ, फोन आला. सत्यमच हाय. तू जाऊ नको, इथंच थांब.

(सिंधुबाई फोनचा स्पीकर लावतात.)

सत्यम : आई, हा काय प्रकार आहे? मिस्त्रींनी टाकलेला फोटो आत्ता बघितला मी. हॉलमध्ये चबुतरा? कुणाची समाधी आहे का ती?

सिंधुबाई : ओरडू नको. मिस्त्री इथंच हायत.

सत्यम : मिस्त्री, अहो तो डायनिंग टेबल आहे! सिक्स सीटर! कुणालाही कळेल.

महांतेश : मला न्हाई कळलं, भाऊ. फोन केलतो तुमाला.

सत्यम : ठीक आहे. माझंही चुकलं असेल, घाईत होतो. आजच्या आज तोडा ते. टेबल मी ऑनलाईन बघून ठेवलंय, वास्तुशांतीच्या आधी येईल. आई, तू टेन्शन घेऊ नकोस. सगळे मिळून बसू आपण त्या टेबलावर.

सिंधुबाई : सगळे म्हंजी कोण रे?

सत्यम : कोण म्हणजे? तू, मी, पुनम, पोरं.

सिंधुबाई : कवा?

सत्यम : आई, आता सुरू करू नकोस. दिवाळीला बघतो म्हटलंय ना. पुनमच्या आईचं ऑपरेशन आहे, पोरांच्या परीक्षा आहेत. जमलं तर येतोच.

सिंधुबाई : मी कुठं ये म्हणायले. विचारलं आपलं. मग दिवाळी सोडून बाकीचे दिवस त्या सहा खुर्च्यांवर मी एकटीच बसायची व्हय? आज हिच्यावर, उद्या तिच्यावर?

सत्यम : काय बोलतेस तू हे? तुझ्यासाठीच बांधतोय ना घर? तू त्या गळक्या घरात राहतेस म्हणून मला रात्री झोप लागत नव्हती.

सिंधुबाई : मला ठावं हाय रे. तू चांगला हायस. तुझ्यासारखं कोण बांधतंय आईला घर? पण आता माझं एक ऐक. हा ओटा मी फोडणार हाय.

सत्यम : हां, मग तेच तर म्हणतोय मी.

सिंधुबाई : थांब, पुढं ऐक. बैठकीतला फोडते आन् बाहेर बांधते. म्होरल्या बाजूला, रस्त्याकडंला.

सत्यम : समोर पार्किंग आहे, आई.

सिंधुबाई : तिथंच.

सत्यम : अगं, मग गाडी कुठे लावायची?

सिंधुबाई : रस्त्यावर लाव. भूकंपवाल्यांनी रस्ता रुंद केलाय, तेवढा तरी उपयोग होईल त्याचा.

सत्यम : तू चेष्टा करतेस का? सगळा प्लॅन बिघडेल. ते समोरचं एलिव्हेशन, ते गेट... आणि बायकांना बसायचं असेल तर घरात बसू देत की. एवढा मोठा हॉल आहे.

सिंधुबाई : घरात बोलवावं लागतं, सत्यम. या बसा म्हणावं लागतं, चहा ठेवावा लागतो. चकचकीत फरशीवर चिखलाच्या पायानं कोण येतंय? आता भिंती उघड्या हायत, दार बसलं न्हाई, म्हणून आल्या त्या. उद्या दार बसंल, गेट लागंल. मग धुरपता गेटापाशी उभी राहील, हाक मारू का नको म्हणंल आन् जाईल तशीच. ओट्याला बोलवावं लागत न्हाई. जाता जाता बसतंय माणूस.

सत्यम : आणि किती दिवस बसतील त्या? नवलाई आहे म्हणून आल्या. महिन्याभरात कुत्रं फिरकणार नाही तिकडे.

महांतेश : भाऊ, असं नगा बोलू.

सिंधुबाई : बोलू दे रे, खोटं न्हाई बोलायला. सत्यम, गेल्या पावसाळ्यात मला ताप आलता. दोन दिस दार लोटून पडले होते. उठून पाणी घ्यायची ताकद नव्हती. रस्त्यानं माणसं जायची, मला चपलांचे आवाज यायचे. कुणाला पत्ता न्हाई की आत कोण पडलंय. तिसऱ्या दिवशी दूधवाली आली तवा कळलं.

सत्यम : मला का नाही सांगितलंस?

सिंधुबाई : सांगून? पुण्याहून पाणी पाजणार होतास?

सत्यम : आई...

सिंधुबाई : तुला घोर लावायचा नव्हता. नाहक सुट्टी काढून पळत आला असतास, आन् दुसऱ्या दिवशी परत गेला असतास.

सत्यम : म्हणून तर मी कॅमेरे लावतोय घरात. मोबाईलवर तू मला कधीही दिसशील. ऑफिसमधून, कुठूनही.

सिंधुबाई : दिसंन की. बघशील कवा?

सत्यम : वेळ मिळाला की बघीन ना.

सिंधुबाई : रागानं न्हाई म्हणाले रे.

सत्यम : मला बी कळतंय गं आई. मला बी कळतंय. पण इकडं... सकाळी निघालो की रात्रीच येतोय मी. त्या टेबलावर आम्ही तरी कुठं बसतोय संगं? पुनम तिच्या वेळेला, पोरं मोबाईल घिऊन त्यांच्या खोलीत. वाटलं, तिथं तरी बसू.

सिंधुबाई : लई दिसांनी गावाकडचं बोललास.

सत्यम : आलं तोंडात.

सिंधुबाई : आण टेबल. बैठक मोकळीच होनार हाय, ठेव तिथं. तुम्ही आलात की मी बी बसंन खुर्चीवर, पाय लोंबकळत. पण ओटा म्होरंच हुईल.

सत्यम : आणि मी गाडी घेऊन आल्यावर त्या बायका बसलेल्या असल्या तर?

सिंधुबाई : तर त्या उठतील, तुझ्या तोंडावरनं हात फिरवतील, आन् परत बसतील.

सत्यम : बरं. मिस्त्री, करा आई म्हणते तसं. नकाशा... ठेवा बाजूला. मी ठेवतो आता, मला आत बोलवायलेत.

सिंधुबाई : जेवलास का रे? ...ठेवला वाटतं.

महांतेश : ठेवला. पण हाव म्हणले की, अव्वा! उद्याच आखणी करतो. किती लांब घिऊ? गेटापासनं ह्या खांबापस्तोर? दहा जणी आरामात बसतील.

सिंधुबाई : दहा कुठनं येनार? निम्म्या वर गेल्या, निम्म्या लेकाकडं गेल्या. चौघींपुरता कर.

महांतेश : आन् उंची?

सिंधुबाई : लई नको. धुरपताचे गुडघे गेलेत, तिला टेकता आलं पाहिजे. पाठीला भिंत राहू दे. वर पत्र्याची सावली काढ.

महांतेश : काढतो. अव्वा, एक विचारू? रागावू नका. भाऊ म्हणले ते मनात राहिलंय माझ्या. समजा महिन्या-दोन महिन्यानं कुणीच न्हाई आलं तर?

सिंधुबाई : न्हाई आलं तर न्हाई. रस्त्यानं जाणाऱ्याला मी बसलेली तरी दिसंन.