देवरावकाका सुईमुळे गेले नाहीत

मंडळी, आज बाजाराचा दिवस. तरी तुम्ही माल अर्धा तसाच ठेवून आलात. कोणी मावल्याहून आलं, कोणी थेट नार्नूरहून. मला चार लोकांसमोर बोलायची सवय नाही. इंटर, म्हणजे अकरावी-बारावी, अर्धवट सोडलं, त्यानंतर असा उभाच राहिलो नाही. म्हणून लिहून आणलं आहे. मध्येच थांबलो तर थोडं सांभाळून घ्या.

देवरावकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. त्यांच्या वांग्यांबद्दल, त्यांच्या तोंडाळपणाबद्दल बोलायला इथे मोठी माणसं आहेत. मी एकाच गोष्टीसाठी उभा आहे. ती आज बोललो नाही तर उशीर होईल.

गावात एक बोलणं फिरतं आहे. दवाखान्यात सुया देऊन देऊन देवरावच्या किडन्या जाळल्या, असं. तुमच्यापैकी काहींनी ते माझ्या तोंडावर म्हटलं. मी तेव्हा गप्प बसलो. ते ऐकून माझ्या गिरजाकाकूने आपली इन्सुलिनची सुई बंद केली आहे. तिलाही शुगर आहे. आज नऊ दिवस झाले. सकाळी मी शुगर मोजायचं मशीन घेऊन गेलो, तर तिने हात पदराखाली घेतला.

"नको मले. त्यायचं काय झालं ते पाह्यलं ना म्या."

काकू, तू अर्धं पाहिलंस. उरलेलं मी सांगतो.

काकांच्या पायाला खुरपं लागलं होतं. लहानशी जखम. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, ताप आला. जेवण सुटलं. तुम्हाला माहीत आहे, काकांची शुगर मीच तपासायचो, वहीत लिहायचो, जास्त आली की त्यांच्या ताटातला भात कमी करायचो. ते चिडवायचे मला. "लेका, म्या गिऱ्हाइकाले वांगे बी इतके मोजून नाही देल्ले, जितकी तू मायी शुगर मोजून राह्यला."

त्या दिवशी मी सुई भरली. काका म्हणाले, "पोटात अन्नाचा कण नाही, मंग सुई कायले?"

मला ते पटलं. आपल्याकडे सगळ्यांनाच पटतं. जेवण नाही तर सुई नाही. मी सुई परत डब्यात ठेवली. शुगर तीनशेच्या वर होती. मी तो आकडा वहीत नीट लिहिला, आणि वही मिटली. काय उपयोग त्या अक्षराचा?

अंग दुखतं म्हणून काकांनी गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. दोन दिवसांत पाच-सहा. आणून कोणी दिल्या? मीच दिल्या.

आणि आणखी एक गोष्ट. सुई ठेवून दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका सकाळपासून बाहेर गेले नव्हते. लघवीला उठलेच नव्हते. मला दिसत होतं. पण काकांना कसं विचारायचं? वडिलांच्या जागी माणूस. आपल्या घरात पुतण्या काकांना असं विचारतो का? मी पाणी विचारलं. चहा विचारला. ते नाही विचारलं.

दवाखान्यात नेलं, आयसीयूत घेतलं. तिथे पहिली सुई लागण्याआधी रक्त तपासायला गेलं. मंडळी, हे नीट ऐका. आधी रक्त गेलं, मग सुई लागली. त्या रक्तात किडन्या मंदावल्याचं आलं होतं. कागद माझ्याकडे आहे. ज्याला पाहायचा त्याने पाहावा.

डॉक्टरांनी सांगितलं, जखमेचं विष रक्तात पसरलं की शरीर आपणच शुगर वाढवतं. पोट रिकामं असलं तरी वाढवतं. मग शरीरातलं पाणी जातं, रक्तदाब पडतो, किडन्यांना रक्त पुरत नाही. त्यात त्या गोळ्या.

मी तिथेही वही घेऊन बसलो. एकशे साठ, एकशे सत्तर. मला चैन पडेना. मी सिस्टरशी भांडलो, शंभरवर आणा म्हणून. ती तेलुगू बोलणारी बाई, माझ्याशी हिंदीत बोलायची, धाकट्या भावासारखं तम्मुडू म्हणायची. म्हणाली, "तम्मुडू, यहाँ सौ नहीं चाहिए. किडनी कमजोर है तो इन्सुलिन बदन में ज्यादा देर रुकता है. शुगर एकदम गिरी तो ये बोल भी नहीं पाएँगे."

म्हणून ती तासातासाला बोट टोचायची. एकदा शुगर खाली आली, तर तिने लगेच ग्लुकोज लावलं. त्याच दुपारी डायलिसिसचं मशीन आलं. काकू, तू तेव्हाच काचेतून पाहिलंस. आधी सुई, मग साखरेची बाटली, मग मशीन. तुला वाटलं, एकामुळे दुसरं झालं. तुझी चूक नाही. मला माहीत होतं, आणि मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या गोळ्यांचंही सांगावं लागलं असतं.

काका शुद्धीत होते तेव्हा एकदा विचारलं त्यांनी, "किती आली रे?"

"एकशे पासष्ट."

"म्हंजे वाईट."

"इथं तेच चांगलं म्हंतेत, काका."

"मंग घरी काऊन मले उपाशी मारून राह्यला होता?" असं म्हणून हसले. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

मी डॉक्टरांना विचारलं, दोन दिवस आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. वाचलेच असते असंही म्हणता येत नाही. मी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं सांगतो आहे. माझ्या सोयीचं तेवढंच नाही.

तुमच्या घरी शुगरचं माणूस आजारी पडलं, जेवेनासं झालं, तर सुईचा निर्णय आपल्या मनाने करू नका. डॉक्टरांना विचारा. दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. आणि लघवी होते का, ते विचारा. सासऱ्याला विचारा, काकांना विचारा.

आता दोन मिनिटं आपण काकांसाठी शांत उभं राहू. काकू, तू बसून राहा, तुला चक्कर येते आहे हे मला इथून दिसतं. दोन मिनिटं झाली की मी मशीन घेऊन तुझ्याजवळ येणार आहे. तू हात लपवलास तरी बसून राहीन. आणि लघवीचंही विचारीन, या सगळ्यांसमोर विचारीन.

उठा, मंडळी.