बाबांच्या हातातला दगड

(२००६. जेवणाची सुट्टी. इंग्लंड. कुशल बेसिंगस्टोकच्या ऑफिसात, अनिश हाउन्सलोला; दोघं चॅटवर.)

कुशल: हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप करून खोडलं.

अनिश: अरे, इटली कशी झाली एवढंच तर विचारलं! काकू खूश?

कुशल: आई एकदम. अमाल्फीला, त्या जुन्या बंदरात, चर्चच्या पायऱ्यांवर बसून धपाटे खाल्ले तिनं.

अनिश: काकू ग्रेट. आणि काका?

कुशल: बाबा परवा पुण्याला परत चाललेत आणि माझ्याशी कामापुरतं बोलतायत.

अनिश: काय केलंस?

कुशल: एक्सेल.

अनिश: ??

कुशल: तासातासाचा प्लॅन. प्रिंट काढून लॅमिनेट केला. आई म्हणाली, बोर्डाचं टाइमटेबल लागलंय.

अनिश: लॅमिनेट! धन्य आहेस.

कुशल: ऐक ना. आईला खाली बसवून मी नि बाबा पायऱ्यांनी रावेल्लोला निघालो. डोंगरावरचं गाव. वाटेत लिंबाच्या बागा. बांध नुसत्या दगडांचे, सिमेंटचा थेंब नाही. आणि बाबांचा सगळा जन्म इरिगेशनमध्ये...

अनिश: म्हणजे प्रत्येक बांधापाशी थांबले.

कुशल: प्रत्येक! एका ठिकाणी बांध ढासळलेला, एक म्हातारा तो रचत होता. बाबा मराठीत, तो इटालियनमध्ये. मस्त जमलं होतं दोघांचं. त्यानं बाबांच्या हातात दगड दिला. खुणेनं म्हणाला, बसवा.

अनिश: वा!

कुशल: तेवढ्यात मी ओरडलो. व्हिसाच्या रांगेत उभा राहिलो ते दगड बघायला का? अकरा पंचविसाला व्ह्यू पॉइंट आहे!

अनिश: गाढवा.

कुशल: बाबांनी दगड खाली ठेवला. हात झटकले. "चल, तू म्हणशील तसं."

कुशल: वर पोचलो. समोर अख्खा समुद्र. काल फोटो बघितले. एकूण एक फोटोत बाबा घड्याळ बघतायत.

अनिश: सॉरी म्हणालास?

कुशल: म्हटलं, बाबा, त्या दिवशी जरा घाई झाली. तर म्हणाले, वेळेत पोचलो ना, मग झालं.

अनिश: बाप रे. उद्या सुट्टी टाक. इथेच, कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यांत, शेतांना तसलेच दगडी बांध आहेत. घेऊन जा.

कुशल: बघून ठेवलंय. तीन गावं होतात एका दिवसात. सव्वानऊला निघालो तर

अनिश: कुशल.

कुशल: बरं. एकच बांध. बाबा स्वतः "चल" म्हणेपर्यंत मी हलणार नाही. प्रॉमिस.