वातीचा कापूस

इचोड्याच्या बसस्टँडवर राहीबाई भाजीची टोपली घेऊन बसली होती, पण कान शेजारच्या नवरा-बायकोकडं. बायकोच्या मांडीवर कापसाचं लहानसं पुडकं.

"पहिल्या वेचणीचा कापूस देवाच्या वातीचा असते, रेणुका. मिशनच्या दवाखान्यात काऊन नेऊन राह्यली?"

"सिस्टरबाईनं नाताळाचं झाड केलं, काड्या अन् हिरव्या कागदाचं. बर्फ इकतचा परवडत नाही, कापूसच लावते म्हणे."

"बर्फ तं थंडगार असते! आपलं पोरगं तिथंच थंडीतापानं कुडकुडत गेलं ना?"

"म्हणूनच नेऊन राह्यली. सण झाला का सिस्टरबाई त्याच कापसाची दुलई भरते, वार्डातल्या लेकराईसाठी."

बस आली. नवरा उठला नाही.

"मंग एवढासाच काऊन आणला?"